संविधान म्हणजे पुस्तक नव्हे

‘संविधान म्हणजे काय?’ या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे. देशाचा कारभार ज्या मूलभूत नियमांनुसार चालतो, त्या नियमांचा लिखित दस्तऐवज. शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात एवढं लिहिलं की दोन मार्क पडतात. पुढे इंजिनिअरिंगला ‘भारताचं संविधान’ नावाचा विषय येतो, बऱ्याच ठिकाणी क्रेडिट नसलेला. पास झालं की विसरायचा. त्यापुढे कुणी एमपीएससी-यूपीएससीच्या वाटेला गेलं तर कलमांचे क्रमांक, परिशिष्टं, दुरुस्त्यांची सालं आणि कुठली तरतूद कुठल्या देशाकडून घेतली याचा तक्ता. उत्तर तेच राहतं, फक्त जाड होत जातं.

हे उत्तर नुसतं अपुरं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ते उपद्रवी आहे. संविधान म्हणजे एक पुस्तक, ही व्याख्या सत्तेत बसलेल्या कुणालाही फार सोयीची पडते. पुस्तक कपाळाला लावता येतं, सभेत उंचावता येतं, त्याची मिरवणूक काढता येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आणि निकालानंतर आपण हे दोन्ही बाजूंनी पाहिलं. एका बाजूनं खिशात मावणारी प्रत उंचावली, दुसऱ्या बाजूनं जाडजूड प्रत कपाळाला लावली. पुस्तकाला कुणीच धक्का लावलेला नाही, हे दोघांनाही सिद्ध करता आलं. संविधानाचं काय झालं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण पुस्तक शाबूत ठेवून संविधान मोडता येतं. आपल्या देशात ते अनेकदा मोडलंही गेलंय.

२५६ वटहुकूम

सगळ्यात स्वच्छ उदाहरण बिहारचं आहे, आणि ते उघड करणारा माणूस पुण्यात बसलेला होता.

वटहुकूम म्हणजे विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली तर राज्यपालांच्या सहीनं काढायचा तात्पुरता कायदा. कलम २१३ त्याची मुदतही सांगतं. अधिवेशन पुन्हा सुरू झालं की सहा आठवड्यांत तो संपतो. चालू ठेवायचा असेल तर सभागृहात विधेयक आणून रीतसर कायदा करा. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर ठेवता येत नाही. म्हणजे वटहुकुमाचं आयुष्य फार तर साडेसात महिने.

बिहारमध्ये वेगळी पद्धत रुळली. अधिवेशन भरायचं, संपायचं. सभागृहापुढे विधेयक जायचंच नाही. सहा आठवडे भरायच्या आत तोच वटहुकूम, त्याच मजकुराचा, पुन्हा सहीला जायचा. पुढच्या अधिवेशनानंतर पुन्हा. गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी राजपत्रं चाळून याचा हिशेब लावला. १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ वटहुकूम निघाले होते आणि पुन्हा पुन्हा काढून ते एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले होते. १९८३ मध्ये वाधवांनी यावर पुस्तक लिहिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं.

आता ‘संविधान म्हणजे लिखित मजकूर’ ही व्याख्या हातात घ्या आणि सांगा, बिहार सरकारनं नेमकं कोणतं कलम मोडलं? कलम २१३ कितीही वेळा वाचा. एकदा काढलेला वटहुकूम पुन्हा काढू नये असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. राज्यपालांची सही होती. अधिवेशन चालू नव्हतं. प्रत्येक वटहुकूम आपापल्या मुदतीत संपतही होता आणि त्याच्या जागी नवा जन्मत होता. शब्द न् शब्द पाळलेला. आणि बिहारच्या जनतेवर वर्षानुवर्षं असे कायदे चालत होते, ज्यांच्यावर त्यांनी निवडून दिलेल्या सभागृहात मतदानच झालं नव्हतं.

पाच न्यायाधीशांच्या पीठानं २० डिसेंबर १९८६ रोजी निकाल दिला आणि या प्रकाराला संविधानाची फसवणूक म्हटलं. हा शब्द नीट पाहा. मजकुराचं उल्लंघन होतं, फसवणूक होत नाही. फसवणूक म्हणायची तर मजकुराच्या मागे काहीतरी असावं लागतं, जे मजकूर पाळूनही मोडता येतं. कायदे निवडून आलेल्या सभागृहानं करायचे, एका सहीनं नाही, ही ती मागची गोष्ट. न्यायालयाच्या लेखी संविधान ते होतं. कलम २१३ हे त्याचं एक टोक.

न्यायालयानं वाधवांना १० हजार रुपये खर्चापोटी द्यायला सांगितलं. बिहारनं धडा घेतला का? २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाला हेच पुन्हा सांगावं लागलं, आणि खटला पुन्हा बिहारच्याच वटहुकमांचा होता.

विद्वानांचं भांडण

कायद्याचे अभ्यासक संविधानाची एकच एक व्याख्या करत नाहीत, हे आपल्याला शाळेत सांगत नाहीत. त्यांच्यात गेली अडीचशे वर्षं भांडण चालू आहे आणि ते वाचण्यासारखं आहे.

एका टोकाला टॉमस पेन. १७९१ मध्ये त्यानं इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेची टर उडवली. त्याचं म्हणणं सरळ होतं: संविधान सरकारच्या आधी येतं, ते लोकांनी केलेलं असतं, आणि ते दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर ते नाहीच. आपली नागरिकशास्त्राची व्याख्या या घराण्यातली, पण तिनं पेनचं अर्धंच उचललं. ‘दाखवता आलं पाहिजे’ हे घेतलं, ‘सरकार त्याच्या हाताखाली असतं’ हे सोडून दिलं.

दुसरीकडे इंग्लंडचे पंडित. ए. व्ही. डायसीनं १८८५ मध्ये सांगितलं की राज्यातल्या सर्वोच्च सत्तेची वाटणी आणि वापर यांवर परिणाम करणारे सगळे नियम म्हणजे संविधान. त्यातले काही न्यायालयात चालणारे कायदे, तर काही नुसते संकेत. के. सी. व्हीअरनं १९५१ मध्ये दोन अर्थ वेगळे केले. व्यापक अर्थानं संविधान म्हणजे राज्यकारभाराची लिखित-अलिखित सगळी व्यवस्था. संकुचित अर्थानं त्यातले निवडक नियम, एका दस्तऐवजात बांधलेले. आपण संकुचित अर्थ घेतला आणि तोच एकमेव आहे असं समजून चाललो.

तिसरी व्याख्या फ्रेंच राज्यक्रांतीतली. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं १६ वं कलम म्हणतं, की ज्या समाजात हक्कांची हमी नाही आणि सत्तेची विभागणी नाही, त्या समाजाला संविधानच नाही. या व्याख्येत पुस्तकाचा उल्लेखसुद्धा नाही. कागद आहे का, हे ती विचारत नाही. सत्तेला आडकाठी आहे का, एवढंच विचारते.

चौथा फर्डिनांड लासाल, जर्मन समाजवादी. १८६२ मध्ये बर्लिनमधल्या भाषणात तो म्हणाला की खरं संविधान म्हणजे देशातल्या सत्तेचे प्रत्यक्ष संबंध. राजाच्या हुकमात तोफा आहेत, म्हणून राजा हा संविधानाचा भाग. बाकी लिहिलेलं सगळं कागदाचा चिटोरा.

आणि पाचवा, मला सगळ्यांत उपयोगी वाटणारा, कार्ल लोवेनस्टाईन. हा म्युनिकचा कायदेपंडित नाझी आल्यावर अमेरिकेत गेला. त्यानं संविधानांची वर्गवारी मजकुरावरून केलीच नाही. त्यानं विचारलं, सत्ताधारी ते पाळतात का? आणि कपड्यांचं उदाहरण दिलं. काही संविधानं मापात बसणारा आणि रोज अंगावर घातला जाणारा सूट असतात. काही चांगली शिवलेली, पण कपाटात टांगून ठेवलेली. देश त्यांच्या मापाचा झाला की वापरू. आणि काही म्हणजे नुसता सोंगाचा वेष. सत्ता ज्याच्याकडे आहे त्याला झाकायला.

लोवेनस्टाईन हवेत बोलत नव्हता. जर्मनीचं १९१९ चं वायमार संविधान हिटलरनं कधी औपचारिकरीत्या रद्दच केलं नाही. मार्च १९३३ मध्ये एक कायदा करून सरकारला संसदेशिवाय कायदे करायची मुभा घेतली आणि विषय संपला. पुस्तक बारा वर्षं कपाटात सुखरूप होतं. स्टालिनचं १९३६ चं संविधान तर वाचायला फार सुंदर: भाषणस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, सगळं कलम १२५ मध्ये लिहिलेलं. पुढच्या दोन वर्षांत, सोव्हिएत दप्तरातल्याच नोंदींनुसार, ६ लाख ८० हजारांहून जास्त माणसांना मृत्यूची शिक्षा देऊन मारलं गेलं.

याच्या उलट ब्रिटनमध्ये संविधान नावाचं पुस्तक आजही नाही. २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या ऐन धुमाळीत पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यानं पार्लमेंट पाच आठवड्यांसाठी स्थगित झालं. २४ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमतानं ती स्थगिती बेकायदा ठरवली. कुठल्या पुस्तकातलं कुठलं कलम दाखवून? दाखवायला पुस्तकच नव्हतं. सरकारनं पार्लमेंटला उत्तरदायी असलं पाहिजे, आणि सबळ कारणाशिवाय पार्लमेंटला तिच्या कामापासून रोखता येणार नाही, एवढ्यावर निकाल लागला. दुसऱ्या दिवशी पार्लमेंट भरलं.

आता सांगा, १९३७ मध्ये संविधान कुणाकडे होतं आणि २०१९ मध्ये कुणाकडे?

मराठीला हा फरक खरं तर अवघड जायला नको. आपल्याकडे ‘घटना’ हा शब्द देशापुरता नाही. गणेशोत्सव मंडळाला घटना असते, क्रीडा मंडळाला असते, ग्रंथालयाला असते. नोंदणीच्या वेळी ती टाइप करून दाखल केलेली असते आणि त्यात ‘दर तीन वर्षांनी कार्यकारिणीची निवडणूक’ असं लिहिलेलं असतं. अध्यक्ष मात्र वीस वर्षं तेच असतात. या मंडळाची घटना काय आहे असं विचारलं तर कुणीही शहाणा सभासद कपाटातला कागद काढत नाही. तो अध्यक्षांच्या घराकडे बोट दाखवतो. मंडळाच्या बाबतीत जे आपल्याला न शिकवता कळतं, ते देशाचा विषय निघाला की विसरतो.

दोन व्याख्या, एक खटला

व्याख्यांची चर्चा पंडितांनी करावी, आपल्याला काय, असं वाटत असेल तर २८ एप्रिल १९७६ ची तारीख पाहा.

आणीबाणीत हजारो माणसं खटल्याविना तुरुंगात होती. राष्ट्रपतींच्या आदेशानं कलम २१ साठी, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, न्यायालयात जाण्याची वाट बंद केली होती. प्रश्न एवढाच होता: बेकायदा अटक झालेला माणूस न्यायालयाचं दार ठोठावू शकतो का? नऊ उच्च न्यायालयांनी ‘हो’ म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयात सुनावणीच्या वेळी न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं.

चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलली. त्यांचा युक्तिवाद मजकुराचा होता: हक्क कलम २१ मध्ये आहे, कलम २१ साठीची वाट स्थगित आहे, ही स्थगिती संविधानातल्याच तरतुदीनुसार आहे. प्रत्येक पायरी बरोबर. एकट्या खन्नांनी वेगळं सांगितलं. जगण्याचा हक्क कलम २१ नं जन्माला घातलेला नाही. ते कलम नसतं तरी कायद्याच्या राज्यात सरकारला कायद्याशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता आलं नसतं. चौघांसाठी संविधान पुस्तकात होतं, म्हणून पुस्तकाचं पान मिटलं की हक्कही मिटला. खन्नांसाठी पुस्तक ही संविधानाची नोंद होती.

जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. ते चौघे चुकले होते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट शब्दांत म्हटलं. एकेचाळीस वर्षांनी. त्या चौघांतले एक होते न्या. पी. एन. भगवती, आणि दहा वर्षांनी वाधवांच्या खटल्यात ‘फसवणूक’ हा शब्द वापरणारा निकाल सरन्यायाधीश म्हणून लिहिला तो याच भगवतींनी. दोन्ही वेळा पुस्तक एकच होतं, बदलली होती ती व्याख्या. ती बदलल्यामुळे बिहार हरला. आधी न बदलल्यामुळे हजारो लोक तुरुंगात राहिले.

‘देशाचा सोर्स कोड’ वगैरे

माझ्या धंद्यातल्या लोकांची एक लाडकी उपमा आहे. संविधान म्हणजे देशाची ऑपरेटिंग सिस्टीम, किंवा सोर्स कोड. दुरुस्ती म्हणजे पॅच. २६ जानेवारीला लिंक्डइनवर याच्या पोस्टी पडतात. उपमा चटपटीत आहे आणि तिच्यात पुस्तकी व्याख्येचाच दोष नव्या कपड्यांत लपलेला आहे.

कोडची ओळ प्रोसेसरसमोर आली की प्रोसेसर ती चालवतो. ती चालवल्यानं आपली खुर्ची जाईल का, हा विचार त्याच्या डोक्यात येत नाही. संविधानाची प्रत्येक ओळ एखाद्या माणसानं चालवावी लागते, आणि अनेकदा ती ओळ न चालण्यातच त्या माणसाचा फायदा असतो. म्हणून संविधानाला एरर मेसेज येत नाही. सर्व्हर पडला तर रात्री दोनला कुणाचा तरी फोन वाजतो. कलम ९३ सांगतं की लोकसभेनं शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत. सतराव्या लोकसभेनं, २०१९ ते २०२४, पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्ष निवडलाच नाही. कुणाचाही फोन वाजला नाही.

उपमाच हवी असेल तर कोडची नको, टीमची घ्या. टीमच्या विकीवर लिहिलेलं असतं की रिव्ह्यू झाल्याशिवाय काहीही मेन ब्रँचमध्ये जाणार नाही. हा नियम खरा आहे का, ते विकी वाचून कळत नाही. रिलीजच्या आदल्या रात्री मॅनेजर म्हणतो, ‘या वेळेपुरतं जाऊ दे’, तेव्हा कळतं. त्या रात्री टीममधली सगळ्यांत ज्युनियर मुलगी ‘नाही’ म्हणू शकते का, आणि म्हणाली तर तिच्या पुढच्या अप्रेजलचं काय होतं, यावर तो नियम आहे की नाही हे ठरतं. खन्नांच्या अप्रेजलचं काय झालं ते वर आलंच आहे.

एच. एल. ए. हार्ट या ऑक्सफर्डच्या कायदेपंडितानं १९६१ मध्ये हेच जास्त शिस्तीत मांडलं. कुठल्याही कायदाव्यवस्थेच्या तळाशी एक नियम असतो, ज्यावरून कायदा कशाला म्हणायचं ते ठरतं. तो नियम कागदावर असल्यानं अस्तित्वात येत नाही. न्यायाधीश आणि अधिकारी तो प्रत्यक्षात पाळतात आणि मोडणाऱ्याला दोष देतात, म्हणून तो असतो. पाळणं थांबलं की कागद तिथेच राहतो आणि नियम जातो.

मग ठरवणार कोण?

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. मजकुरामागे ‘काहीतरी’ आहे म्हटलं की ते काहीतरी ठरवायचा अधिकार न्यायाधीशांच्या हातात जातो, आणि त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही. केशवानंद भारती खटल्यात, २४ एप्रिल १९७३ रोजी, तेरा न्यायाधीशांच्या पीठानं ७ विरुद्ध ६ अशा काठावरच्या बहुमतानं सांगितलं की संसदेला संविधानाची ‘मूलभूत चौकट’ बदलता येणार नाही. हे शब्द संविधानात नाहीत. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं नेमणुकांबाबतच्या ‘सल्लामसलत’ या शब्दाचा अर्थ जवळपास ‘संमती’ असा लावला आणि न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची कॉलेजियम पद्धत उभी राहिली. हाही शब्द संविधानात नाही. संसदेनं ती बदलायला केलेली दुरुस्ती २०१५ मध्ये न्यायालयानंच रद्द केली. पुस्तकाच्या बाहेर पडलात की हे होतं, असं आक्षेप घेणारे म्हणतात.

त्यातलं अर्धं मला मान्य आहे. फ्रेंच व्याख्या खरी मानायची तर ती न्यायालयालाही लागू होते. सत्तेला आडकाठी हवी, मग ती सत्ता काळ्या कोटातली का असेना. नेमणुका करणाऱ्या न्यायाधीशांना कोण ‘नाही’ म्हणू शकतं, या प्रश्नाला आज समाधानकारक उत्तर नाही, आणि मूलभूत चौकटीचं नाव घेऊन तो प्रश्न उडवून लावणं हीही एक प्रकारची पुस्तकपूजाच आहे.

पण पुस्तकाला चिकटून राहिल्यानं न्यायाधीशांपासून सुटका होत नाही. मजकूरही कुणीतरी वाचावाच लागतो. १९७६ चे चार न्यायाधीश मजकूरच वाचत होते. आणि मजकूर बदलणाऱ्याच्या हातून काय होऊ शकतं ते ऑगस्ट १९७५ मध्ये दिसलं. ३९ व्या दुरुस्तीनं पंतप्रधानांची लोकसभेवरची निवड न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली, तीही इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना. दुरुस्ती रीतसर मंजूर झाली, म्हणजे पुस्तकात छापली गेली. पुस्तक म्हणजेच संविधान असेल, तर त्या दिवसापासून ‘पंतप्रधान कायद्याच्या वर’ हे आपलं संविधान होतं. न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो भाग रद्द केला, आणि त्यासाठी त्याला पुस्तकाच्या मागेच जावं लागलं.

लासालच्या चेल्यांशीही दोन शब्द. ‘संविधान-बिंविधान काही नसतं, ज्याच्या हाती ससा तो पारधी’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपवर असतो आणि त्याला आपण फार वास्तववादी आहोत असं वाटतं. त्यानं वाधवांचा खटला समजावून सांगावा. एका बाजूला राज्य सरकार, त्याची खाती, राज्यपाल, पोलिस. दुसऱ्या बाजूला पुण्यातला एक प्राध्यापक आणि राजपत्रांचे गठ्ठे. तोफा मोजल्या तर निकाल उघड होता, आणि तो उलटा लागला. सत्ता हेच सगळं असतं तर हे घडलंच नसतं.

मग मजकूर बिनकामाचा का? अजिबात नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी ग्रोट या इतिहासकाराच्या आधारानं ‘संवैधानिक नीती’ची गोष्ट सांगितली. ती आपोआप येत नाही, जोपासावी लागते. आपले लोक अजून ती शिकलेले नाहीत. आणि संविधानाचा एकही शब्द न बदलता, नुसता कारभाराचा साचा बदलून, ते आतून पोखरता येतं. म्हणून कारभाराचे बारीकसारीक तपशीलही मसुद्यात घातलेत, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. म्हणजे ज्यांच्या हातात पुस्तक देऊन आपण पुतळे उभारले, त्यांनी पहिल्याच दिवशी पुस्तकाची मर्यादा सांगितली होती. पुस्तक हे त्यांच्या लेखी कुंपण होतं, राखण करणारी माणसं वेगळी लागणार होती. वर्षभरानंतरच्या समारोपाच्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दलही बजावलं. ती भक्ती व्यक्तीकडून पुस्तकाकडे वळली म्हणून कमी घातक होते असं मला वाटत नाही.

आपल्या गल्लीतलं संविधान

हे सगळं दिल्लीचं आणि लंडनचं झालं. महाराष्ट्रात या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी राजीनामा दिला. कलम १७८ सांगतं, पद रिकामं झालं की शक्य तितक्या लवकर नवा अध्यक्ष निवडा. नवा अध्यक्ष जुलै २०२२ मध्ये आला. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं विधान परिषदेवर नेमण्यासाठी बारा नावं राज्यपालांकडे पाठवली. राज्यपालांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सरकार पडलं तोवर यादी पडूनच होती. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे असं सांगूनही फरक पडला नाही. पुस्तकात मुदत लिहिलेली नव्हती ना!

बरं, जिथे मुदत लिहिलेली आहे तिथे काय झालं? कलम २४३-यू स्वच्छ सांगतं: महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. कारणं दिली गेली: ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा. त्यातली काही खरीही होती. पण या काळात राज्यात सरकार बदललं, मुख्यमंत्री बदलले आणि प्रशासक तेवढे टिकले, हे कुणाच्याच फार गैरसोयीचं नसल्याची खूण आहे. २०१७ च्या पालिका निवडणुकीनंतर अठरा वर्षांची झालेली मुंबईतली मुलगी पंचविशी ओलांडून गेली, तरी तिनं नगरसेवकासाठी एकदाही मत दिलेलं नव्हतं. तिच्या वॉर्डातला रस्ता, नाला, पाणी या सगळ्यांचे निर्णय असा माणूस घेत होता ज्याला ती हटवू शकत नव्हती. त्याच काळात तिच्या धाकट्या भावाच्या बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानांवर उद्देशिका छापलेली होती.

पुस्तक घरात होतं, गल्लीत संविधान नव्हतं.

म्हणून संविधानाची व्याख्या मी अशी करेन: ज्याच्या हातात ताकद आहे त्याला ‘नाही’ म्हणता येणं, आणि ते ‘नाही’ त्याच्यावर चालणं, याची रोजची व्यवस्था. मजकूर हे त्या व्यवस्थेतलं सगळ्यांत महत्त्वाचं हत्यार आहे, कारण त्यामुळे ‘नाही’ म्हणणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते. पण हत्यार भिंतीवर टांगून राखण होत नाही. यापुढे कुणी संविधान वाचवायची किंवा त्याला वंदन करायची भाषा केली, की पक्ष कुठलाही असो, तीन गोष्टी विचारा. तुमच्या हातात सत्ता असताना तुम्हाला ‘नाही’ कोण म्हणालं? तुम्ही ते ऐकलंत का? आणि म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं?

उत्तर मिळणार नाही, तेव्हा मोजायला लागा. वाधवांनी तेच केलं. कुठल्या तारखेला काय व्हायला हवं होतं, कुठल्या तारखेला झालं, मध्ये किती दिवस गेले. त्यांना त्यासाठी छापील राजपत्रांचे गठ्ठे उपसावे लागले. आज राजपत्रं, वटहुकूम, विधिमंडळाचं कामकाज आणि न्यायालयांचे निकाल, यांतलं बहुतेक सगळं तुमच्या हातातल्या फोनवर फुकट उघडतं. तुमच्या गावच्या नगरपालिकेची किंवा झेडपीची मुदत कधी संपली आणि पुढची निवडणूक कधी झाली, इथून सुरुवात करता येईल.